सुरुवात आठव्या पुस्तकापासून नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी आपल्या रविवार पुरवणीत इंग्रजी कल्पनारम्य मालिकांवर पानभर लेख आला होता. त्यात बेन अ‍ॅरोनोविच यांच्या 'रिव्हर्स ऑफ लंडन' या मालिकेबद्दल लिहिताना लेखकाने सुचवलं होतं, की आधीची सात पुस्तकं वाचायला सवड नसेल तर थेट आठव्या, म्हणजे 'फॉल्स व्हॅल्यू'पासून सुरुवात केली तरी चालेल, तिथून नवं पर्व सुरू होतं. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याने चांगले वाचक या मालिकेला कायमचे मुकतील, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

वाईत माझं औषधांचं दुकान आहे. डी. फार्म. करणारी एक मुलगी दुपारी दुकानात शिकायला येते. वाचायची आवड आहे, आणि मी या पुस्तकांबद्दल येता-जाता बोलत असतेच. तिने आपला लेख वाचला आणि मोबाइलवर आठवं पुस्तक विकत घेतलं. आठवडाभरात सोडून दिलं. म्हणाली, "काकू, तुम्ही त्या नद्यांचं एवढं सांगता, त्या आहेत कुठे? यात तर नुसतं ऑफिसच आहे." मला वाईट वाटलं, कारण तिचं बरोबर होतं. त्या पुस्तकाचं सगळं दुखणं तिने एका वाक्यात सांगितलं.

ज्यांना ही पुस्तकं माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहिलं पुस्तक 2011 साली आलं. लेखक त्या काळात लंडनमधल्या कॉव्हेंट गार्डनच्या एका पुस्तकांच्या दुकानात नोकरी करत होता, आणि गोष्टही तिथल्याच एका चर्चच्या ओसरीवर सुरू होते. पीटर ग्रँट हा लंडन पोलिसांतला नवशिका शिपाई. आई सिएरा लिओनची, ऑफिसांची साफसफाई करणारी; बाप गोरा, एके काळचा नावाजलेला जॅझ वादक, व्यसनाने वाया गेलेला. थंडीच्या रात्री खुनाच्या जागेवर पहारा देत असताना पीटरला एक साक्षीदार भेटतो आणि तो साक्षीदार भूत निघतो. पीटर त्याचाही जबाब रीतसर घ्यायला लागतो. तिथून तो नाइटिंगेल या पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखाली जातो. इंग्लंडच्या पोलिसांत उरलेला हा शेवटचा मांत्रिक. न्यूटनने बसवलेली मंत्रविद्या लॅटिनमधून घोकायची, आणि दुसरीकडे पंचनामे, जबाब, वरिष्ठांना पाठवायचे अहवाल हेही चुकत नाही. जादू झाली की जवळपासच्या मोबाइलमधल्या चिपची वाळू होते, त्यामुळे पीटर मंत्र म्हणण्याआधी फोनची बॅटरी काढतो. असल्या बारीकसारीक गोष्टींमुळे ती दुनिया खरी वाटते.

पण मालिकेचा जीव आहे तो नद्यांमध्ये. टेम्स नदीची देवता इथे दोन ठिकाणी आहे. टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत समुद्राच्या भरतीचं पाणी चढतं. त्याच्या वर म्हातारा फादर टेम्स आणि त्याचे मुलगे, खाली मामा टेम्स आणि तिच्या मुली. 1858 च्या उन्हाळ्यात लंडनच्या मैल्याने नदी इतकी सडली की पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याचं औषध लावावं लागलं. त्या घाणीत म्हाताऱ्याचे शहरातले मुलगे, म्हणजे टेम्सला मिळणारे छोटे प्रवाह, मेले. तो शहर सोडून वर निघून गेला तो परत आला नाही. शंभर वर्षं शहरातल्या नदीला कुणी धनी नव्हता. मग 1950 च्या दशकात नायजेरियाहून नर्सिंग शिकायला आलेल्या एका दुखावलेल्या मुलीने लंडन ब्रिजवरून उडी टाकली, आणि नदीने तिला देवी करून टाकलं. टायबर्न, फ्लीट, एफ्रा, बेव्हर्ली ब्रुक या तिच्या मुली. प्रत्येकीचा स्वभाव तिच्या पाण्यासारखा. टायबर्न श्रीमंत वस्त्यांखालून वाहते, म्हणून ती मोठ्या घरची बाई, मंत्र्या-संत्र्यांशी ओळखी असलेली. बेव्हर्ली उघड्यावर, कुरणांतून वाहणारी, म्हणून मोकळी.

मी वाईची. आमच्याकडे माघापासून कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. एकेका आळीच्या घाटावर मांडव पडतो, देवीला साडी नेसवतात, ओटी भरतात, कीर्तन होतं, महाप्रसाद होतो. एका घाटाचा उत्सव झाला की दुसऱ्याचा. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी महाराजांना यश यावं म्हणून बोललेल्या नवसातून हे सुरू झालं, असं आमच्याकडे सांगतात. कृष्णा ही आमच्यासाठी बाई आहे. ती रुसते, तिचं माहेर महाबळेश्वरला आहे, धोमच्या धरणातून पाणी सोडलं की "कृष्णाबाई आली" असंच म्हणतात. त्यामुळे पहिल्या पुस्तकात पीटर वॉपिंगला मामा टेम्सच्या घरी जातो तो प्रसंग वाचताना मला एका ओळीचंही स्पष्टीकरण लागलं नाही. बायकांनी भरलेली खोली, मधे बसलेली ठसठशीत आई, समोर ठेवलेला चहा आणि बिस्किटं, आणि हे खाल्लं तर आपण हिचे बांधील होऊ ही पीटरच्या मनातली धास्ती. देवीच्या दारात हात पुढे करताना वाटतं तसंच ते होतं. लंडनच्या लेखकाने हे इतकं अचूक कसं लिहिलं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

माझी मुलगी लंडनला नर्स आहे, न्यू माल्डनच्या बाजूला राहते. तिच्याकडे गेले तेव्हा मी हट्टाने बेव्हर्ली ब्रुक बघायला गेले. विम्बल्डन कॉमनच्या कडेने चालत जावं लागतं. नदी म्हणण्याएवढी ती नाहीच; घोटाभर पाणी, दोन्ही काठांना लाकडी खुंट ठोकलेले, वर झाडांची गर्दी, पलीकडे मोठ्या रस्त्याचा अखंड आवाज. एक कुत्रं मजेत पाण्यात बसलं होतं आणि त्याची मालकीण काठावर वाट बघत उभी होती. मी पर्समधली हळद-कुंकवाची चिमूट पाण्यात सोडली. माझ्या मुलीने ही पुस्तकं वाचलेली नाहीत, पण तिनेही विचारलं नाही का म्हणून. एवढ्याशा ओढ्याला एका लेखकाने चेहरा दिला, म्हणून सातासमुद्रापलीकडून आलेली बाई तिथे हात जोडते. मोठमोठ्या साहित्यिकांनाही हे साधत नाही.

आता 'फॉल्स व्हॅल्यू'कडे येते. फेब्रुवारी 2020 मध्ये ते आलं. त्याआधी 2018 च्या 'लाइज स्लीपिंग'मध्ये सात पुस्तकं चाललेलं एक मोठं वैर संपलं होतं, पीटर निलंबित झाला होता, आता त्याची जोडीदार झालेल्या बेव्हर्लीला दिवस गेले होते. म्हणजे लेखकाला नवी सुरुवात करायचीच होती आणि त्यात गैर काही नाही. त्याने पीटरला ओल्ड स्ट्रीटच्या चौकाजवळच्या एका बड्या कॉम्प्युटर कंपनीत सुरक्षारक्षकांच्या खात्यात नोकरीला घातलं. कंपनीचा ऑस्ट्रेलियन मालक एका बंद मजल्यावर काहीतरी गुप्त बनवतोय, त्याचा छडा लावायचा.

इथेच गाडी रुळावरून घसरते. आधीच्या पुस्तकांत प्रत्येक वेळी लंडनची एखादी खरी जागा आणि तिचं जुनं दुखणं हातात घेतलेलं असतं. 'मून ओव्हर सोहो'मध्ये 8 मार्च 1941 ला कॅफे द पारी या नाचघरावर पडलेला बॉम्ब आहे; त्या रात्री तिथे जे झालं ते सत्तर वर्षांनी सोहोच्या जॅझ क्लबांमध्ये माणसं मारत फिरतंय. 'व्हिस्पर्स अंडर ग्राउंड'मध्ये ऑक्सफर्ड सर्कस या भुयारी स्टेशनच्या फलाटाखाली पीटर जिवंत गाडला जातो, आणि त्या अंधारात त्याला जुन्या टायबर्नचं, म्हणजे फादर टेम्सच्या मेलेल्या मुलाचं भूत भेटतं. श्वास कोंडलेला पोलीस आणि काँक्रीटखाली कोंडलेली नदी एकमेकांशी बोलतात. ते पान मी कितीदा वाचलं असेल. 'ब्रोकन होम्स'मध्ये एलिफंट अँड कासलची सरकारी उंच इमारत आहे. गरिबांना हाकलून ती पाडायची आहे, आणि पीटरला इमारतींचं वेड असल्यामुळे तो तिचा प्रत्येक जिना, प्रत्येक गॅलरी निरखत जातो. पुस्तकाच्या शेवटी त्या गच्चीवर त्याच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीने केलेला दगा म्हणूनच इतका लागतो. आपणही त्या इमारतीत राहून आलेलो असतो.

ओल्ड स्ट्रीटला काय कमी होतं? चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर बनहिल फील्ड्सचं कबरस्थान आहे. विल्यम ब्लेक, डॅनिएल डीफो, जॉन बनियन तिथे पुरलेले आहेत. वॉलब्रुक ही रोमन लोकांच्या काळातली नदी याच परिसरात उगम पावायची, आता ती पूर्ण जमिनीखाली आहे. याच लेखकाने पाच वर्षांपूर्वी हा चौक हातात घेतला असता तर त्या पाण्याचा आवाज कंपनीच्या तळघरात ऐकू आला असता. आठव्या पुस्तकात आपल्याला मिळतं काय, तर काचेचा दरवाजा, गळ्यातलं ओळखपत्र, फुकटचा खाऊ आणि बैठका. ही कंपनी बर्लिनमध्ये असती किंवा आपल्या हिंजवडीत असती तरी गोष्टीचं काही बिघडलं नसतं, आणि या मालिकेच्या बाबतीत याहून मोठा दोष मला सुचत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. ही सगळी पुस्तकं पीटर स्वतः सांगतो. तो आपल्याला सगळं सांगतो: घाबरला तर घाबरलो, आईचा ओरडा खाल्ला तर खाल्ला, एखाद्या मृतदेहाकडे बघवलं नाही तर नाही बघवलं. त्या मोकळेपणावर आपण सात पुस्तकं त्याच्या मागे चाललो. 'फॉल्स व्हॅल्यू'च्या सुरुवातीला तो आपल्यापासूनच लपवतो. पोलीस खातं खरंच सोडलंय की काय, या भ्रमात वाचकाला ठेवायचं, म्हणून गोष्ट पुढच्या-मागच्या महिन्यांत उड्या मारते आणि खरं काय ते थोड्या वेळाने कळतं. रहस्य वाढवण्यासाठी केलेली ही युक्ती आहे, पण तिने रहस्य वाढत नाही. इतक्या वर्षांचा आपला माणूस आपल्याशी खोटं बोलला एवढंच मनात राहतं. नवा वाचक तर पार गोंधळतो. त्याला हा पीटर कोण, तो आधी कसा बोलायचा, हेच ठाऊक नाही. मग त्याच्या लपवण्यातली गंमत तरी त्याला कशी कळणार? आपल्या लेखातला सल्ला याच कारणाने उलटा पडतो.

तिसरं म्हणजे विनोद. कंपनीचं नाव, कर्मचाऱ्यांना म्हणायचे शब्द, रखवालदारांचं टोपणनाव, बंद मजल्याचं नाव, सगळं डग्लस अ‍ॅडम्सच्या अंतराळातल्या विनोदी कादंबरीतून उचललेलं आहे. मालक त्या कादंबरीचा वेडा आहे असं कारण दिलंय, ते पटतंही. पण ती कादंबरी ज्याने वाचली आहे त्याला दहाव्या पानानंतर कंटाळा येतो आणि ज्याने वाचलेली नाही तो दाराबाहेर उभा राहतो. पीटरचे आधीचे विनोद लंडनच्या रस्त्यांवरून, पोलिसांच्या कागदपत्रांवरून, आईच्या झणझणीत स्वयंपाकावरून यायचे. टोबी या कुत्र्याच्या भुंकण्यावरून जादूची मात्रा मोजायचं माप पीटरने काढलं होतं! ते हसू त्याचं स्वतःचं होतं.

आणि सगळ्यात हळहळ वाटते ती एडा लव्हलेसची. गोष्टीच्या मुळाशी गणनयंत्रांचे आराखडे करणारा गणिती चार्ल्स बॅबेज आणि एडा यांच्या काळातलं एक यंत्र आहे. काय सोनं हाताला लागलं होतं! कवी बायरनची ही मुलगी, 1843 साली बॅबेजच्या न बनलेल्या यंत्रावर तिने टिपणं लिहिली, हे यंत्र आकड्यांच्या पलीकडे जाऊन संगीतही रचू शकेल असं ती त्यात म्हणते, आणि 1852 मध्ये छत्तिसाव्या वर्षी ती गेली. बॅबेजचं दुसरं गणनयंत्र त्याच्या हयातीत झालंच नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्या आराखड्यांवरून 1991 साली त्याचा गणन करणारा भाग उभा केला, तेव्हा ते चाललं. मुलीबरोबर मी ते बघून आले. ब्राँझच्या चाकांचे उंच खांब आहेत, प्रत्येक चाकावर आकडे कोरलेले. त्या यंत्रात काही जीव अडकला असेल, असं ते बघताना कुणालाही वाटेल. अशा यंत्राभोवती एडाच्या भुताची, तिच्या आजारपणाची, तिच्या अपुऱ्या राहिलेल्या कामाची गोष्ट झाली असती. पुस्तकात मात्र यंत्र चोरीचा माल होऊन राहतं. कोण पळवतं, कुणाला हवंय, न्यूयॉर्कहून आलेले लोक कोण, यातच पानं जातात. चिपची वाळू करणारी जादू आणि हजारो कॉम्प्युटरांनी भरलेली इमारत एकत्र आल्यावर पानापानाला जीव टांगणीला लागायला हवा होता. तसं होत नाही.

नाइटिंगेल फारसा दिसत नाही. 1945 च्या ज्या एका मोहिमेत इंग्लंडचे बहुतेक मांत्रिक मेले, तिच्यातून वाचलेला हा माणूस मालिकेचा कणा आहे, आणि त्याला बाजूला बसवलंय. मामा टेम्स आणि तिच्या इतर मुलींबद्दल तर माझ्याकडची ती मुलगी म्हणाली तेच.

सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. बेव्हर्ली आणि पीटरच्या घरातले प्रसंग सुंदर आहेत. गरोदर बाई आणि तिचा नोकरीवरून दमून आलेला जोडीदार, आणि ती बाई नदी. सोफ्यावर पाय पसरून बसलेली बेव्हर्ली बोलायला लागली की पुस्तक एकदम जागं होतं. मी ही पुस्तकं वाचतेही आणि रात्री हिशेब करताना ऐकतेही. कोब्ना होल्डब्रुक-स्मिथ या नटाने ती इतकी जीव ओतून वाचली आहेत की आठव्या पुस्तकातसुद्धा त्याच्या आवाजातली बेव्हर्ली ऐकण्यासारखी आहे. पण ते प्रसंग संपून गोष्ट पुन्हा कंपनीत गेली की मी हिशेबाच्या वहीकडे वळायचे.

लंडन सोडलं म्हणून बिघडलं असंही कुणी म्हणू नये. 2014 चं 'फॉक्सग्लव्ह समर' सगळं हेरफर्डशायरच्या खेड्यांत घडतं आणि माझं ते फार लाडकं आहे. कारण तिथे बेव्हर्ली बरोबर येते, तिथल्या लग नदीशी तिचं काय नातं जुळतं ते दिसतं, आणि शेतं, मधमाश्या, हरवलेल्या दोन मुली यांच्याशी त्या मातीतलीच जादू बांधलेली आहे. जागा कुठलीही असो, लेखकाने ती तुडवलेली असली की पुस्तक उभं राहतं. 'फॉल्स व्हॅल्यू'मध्ये त्याने ऑफिसं बघितली असतील, पण त्या ऑफिसांखालची जमीन बघितली नाही.

पुढे 2022 च्या 'अमंग्स्ट अवर वेपन्स'मध्ये तो बराच सावरला. चान्सरी लेनखालच्या चांदीच्या तिजोऱ्यांत गोष्ट सुरू होते, दगा देणारी ती मैत्रीण, लेस्ली, परत येते, आणि शेवटी बेव्हर्लीला जुळं होतं तो प्रसंग वाचताना मला भरून आलं. म्हणजे मालिका संपलेली नाही. एक पुस्तक फसलं. अशा वेळी समीक्षकाने ते फसलंय हे सांगायला हवं. आपल्या लेखात प्रत्येक पुस्तकाला सारखीच शाबासकी होती. मालिकेवर माझं प्रेम आहे म्हणूनच मला हे खटकलं. नवा वाचक एकदाच नवा असतो. त्याच्या हाती पहिल्यांदा काय द्यायचं ही जबाबदारी आहे. वर्तमानपत्रातली चार ओळींची शिफारस वाचून आमच्यासारख्या गावांतली मुलं स्वतःच्या पैशांनी पुस्तक घेतात. इथल्या दुकानांत ही पुस्तकं चाळून बघायला मिळत नाहीत.

माझ्याकडे येणाऱ्या मुलीला मी माझी पहिल्या पुस्तकाची प्रत दिली आहे. सध्या ती कॉव्हेंट गार्डनपर्यंत पोचली आहे आणि भुताचा जबाब कागदावर कसा लिहिणार, हे मला विचारते आहे.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या एखाद्या पुरवणीत दोन ओळींची दुरुस्ती छापावी: ही मालिका 'रिव्हर्स ऑफ लंडन'पासूनच सुरू करावी, मग 'मून ओव्हर सोहो', 'व्हिस्पर्स अंडर ग्राउंड', 'ब्रोकन होम्स', 'फॉक्सग्लव्ह समर', 'द हँगिंग ट्री' आणि 'लाइज स्लीपिंग' या क्रमाने जावं. 'फॉल्स व्हॅल्यू' त्यानंतर, आणि तेही बेव्हर्लीसाठी.

आपली,
एक नियमित वाचक आणि औषधविक्रेती,
वाई, जि. सातारा